तंटा पांढऱ्या पर्वताचा

हवाई बेटे म्हटली की निळा समुद्र, नारळीची झाडे आणि गळ्यात फुलांच्या माळा घालून होणारे पाहुण्यांचे स्वागत एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. या बेटांवर बर्फ पडतो असे सांगितले तर ऐकणारा हसेल. पण बर्फ पडतो. हवाई याच नावाच्या सर्वांत मोठ्या बेटावर मौना केआ नावाचा पर्वत आहे. हिवाळ्यात त्याच्या माथ्यावर इतका बर्फ साचतो की खालच्या गावांतली मंडळी उघड्या ट्रकमध्ये तो भरून आणतात आणि पोरे समुद्राच्या वाळूत, नारळीच्या सावलीला, बर्फाचा बाहुला उभा करतात. मौना म्हणजे पर्वत आणि केआ म्हणजे पांढरा. मराठी कानाला 'मौन' ऐकू येते खरे, पण या पर्वताच्या वाट्याला गेल्या काही वर्षांत मौन फारसे आलेले नाही.

मौना केआ १९.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. नकाशावर त्याच रेषेवरून बोट पश्चिमेकडे सरकवत नेले, तर अर्धी पृथ्वी ओलांडून ते छत्रपती संभाजीनगर आणि नाशिकच्या जवळून जाते. म्हणजे त्या पर्वतावर उभ्या असलेल्या माणसाच्या माथ्यावरून रात्री जे तारे जातात, तेच काही तासांनी आपल्याही माथ्यावरून जातात. फरक इतकाच की तिथून ते जसे दिसतात तसे पृथ्वीवर फार थोड्या ठिकाणांहून दिसतात. या पर्वताचे भाग्य आणि त्याचे दुखणे, दोन्ही यातच आहे.

ढगांच्या वर

समुद्रसपाटीपासून मौना केआची उंची सुमारे ४,२०५ मीटर भरते. हिमालय पाहिलेल्यांना हा आकडा किरकोळ वाटेल. पण या पर्वताचे पाऊल समुद्राच्या तळाशी आहे. तिथून मोजले तर उंची १०,००० मीटरच्या वर जाते आणि एव्हरेस्टही मागे पडतो. हा ज्वालामुखी सुमारे साडेचार हजार वर्षांपासून शांत आहे.

वर जाणारा रस्ता हिलो या पावसाळी गावातून निघतो. मौना केआ आणि शेजारचा मौना लोआ यांच्या मधल्या खिंडीत गाडी पोहोचेपर्यंत हिरवाई संपते आणि लाव्हाचे काळे रान सुरू होते. तिथेच पुउ हुलुहुलु नावाची झाडीने भरलेली एक छोटी टेकडी आहे. तिच्यासमोरून शिखराचा फाटा फुटतो. टेकडीचे हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे तिचे काम आहे.

सुमारे २,८०० मीटरवर पर्यटकांसाठी एक केंद्र आहे. 'चॅलेंजर' अंतराळयानाच्या १९८६ मधील अपघातात मरण पावलेला एलिसन ओनिझुका याच बेटावरचा. केंद्राला त्याचे नाव आहे. विरळ हवेची शरीराला सवय व्हावी म्हणून येथे निदान अर्धा तास थांबायला सांगतात. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी पुढे जाऊ नये अशी सूचना आहे. पुढचा रस्ता बराचसा कच्चा आणि इतका चढाचा की चारही चाकांना जोर असलेली गाडीच चालते. वर पोहोचेपर्यंत ढग खाली राहतात. खरोखरच पायाखाली, कापूस पिंजून ठेवल्यासारखे. सभोवती लालसर तपकिरी राखेच्या टेकड्या, झाड नाही, पाखरू नाही, आणि त्या टेकड्यांच्या कडांवर पांढरे नि रुपेरी घुमट. सूर्य मावळताना पर्वताची त्रिकोणी सावली पूर्वेकडच्या ढगांवर लांबच लांब पसरते. ती पाहून लोक क्षणभर बोलायचे थांबतात, मग दात वाजवत गाड्यांकडे पळतात. थंडी तशीच असते.

सूर्यास्तानंतर अर्ध्या तासात पर्यटकांनी खाली उतरायचे असते. त्यानंतर शिखर दुर्बिणींचे.

नाळ पुरलेली जागा

दुर्बिणी येण्यापूर्वी शिखर कुणाचे होते? मूळ हवाईयन लोकांच्या मते आकाशपिता वाकेआ आणि भूमाता पापा यांच्या मीलनातून ही बेटे जन्मली. मौना केआ म्हणजे वाकेआचा पर्वत, आकाश आणि पृथ्वी जिथे एकमेकांना टेकतात ती जागा. येथे पोलिआहू ही हिमदेवता राहते. शेजारच्या ज्वालामुखीत राहणाऱ्या पेले या अग्निदेवतेशी तिचे हाडवैर. पेलेने आग ओकायची आणि पोलिआहूने बर्फ टाकून ती विझवायची, अशा त्यांच्या कथा आहेत. गंमत अशी की हिमयुगात या पर्वतावर खरोखर हिमनद्या होत्या आणि त्यांच्याखाली ज्वालामुखीचे उद्रेक झाले, असे भूगर्भशास्त्रही सांगते. बर्फाखाली झटकन थिजलेला तो दगड अतिशय घट्ट आणि टणक. जुने हवाईयन कारागीर शेकडो वर्षे इतक्या उंचीवर चढून जात आणि त्या दगडाचे वाकस घडवत. त्याच वाकसांनी समुद्रावर जाणाऱ्या नावा कोरल्या जात. त्या खाणी आजही शिखराच्या दक्षिण उतारावर पाहायला मिळतात.

शिखराजवळ वाइआउ नावाचे एक छोटेसे सरोवर आहे. काही हवाईयन घराण्यांत नवजात बाळाची नाळ या सरोवराशी आणून ठेवण्याची रीत आहे. आपल्याकडे एखाद्या गावाशी माणसाचे नाते सांगताना 'तिथे त्याची नाळ पुरली आहे' असे म्हणतात. हा वाक्प्रचार ज्याने ऐकला आहे, त्याला या पर्वताची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागू नये.

आणि हे लोक आकाशाकडे पाठ फिरवून बसलेले नव्हते, हेही सांगायला हवे. त्यांचे पूर्वज होकायंत्राशिवाय, केवळ ताऱ्यांच्या, लाटांच्या आणि पक्ष्यांच्या खुणांवर हजारो मैलांचा प्रशांत महासागर ओलांडून येथे आले. ही विद्या जवळजवळ बुडाली होती. १९७६ मध्ये जुन्या पद्धतीच्या एका जोडनावेने कोणतेही उपकरण न घेता हवाईहून ताहिती गाठले, तेव्हा ती पुन्हा उजेडात आली. त्या नावेचे नाव 'होकुलेआ', म्हणजे आनंदाचा तारा. हा तारा हवाईच्या थेट डोक्यावरून जातो, म्हणून परतीच्या वाटेवर तोच घराची खूण. आपण त्याला स्वाती म्हणतो. तो मुंबईच्याही डोक्यावरून जातो. कृत्तिकांनाही त्यांच्याकडे मान आहे. माकालिई हे त्यांचे नाव, आणि कार्तिकाच्या सुमारास त्या संध्याकाळी उगवू लागल्या की हवाईयनांचा सुगीचा आणि विश्रांतीचा काळ सुरू होतो.

एका लाटेनंतर

२३ मे १९६० रोजी चिलीतील भूकंपाने उठलेली त्सुनामी हिलोवर आदळली. ६१ माणसे गेली, गावाचा व्यापार धुऊन निघाला. गाव सावरायचे तर काही नवे हवे, म्हणून तिथल्या व्यापारी मंडळाने १९६३ मध्ये अमेरिका आणि जपानमधील विद्यापीठांना पत्रे धाडली: आमच्याकडे उंच पर्वत आहे, दुर्बीण बसवायला या. उत्साह दाखवला तो जेरार्ड कायपर या एका खगोलशास्त्रज्ञाने. १९६४ मध्ये बुलडोझरने शिखरापर्यंत रस्ता काढला गेला आणि चाचणीसाठी पहिली छोटी दुर्बीण बसली. जी टेकडी निवडली तिचे नाव पुउ पोलिआहू, हिमदेवतेची टेकडी! त्या वेळी कुणाला त्यात वावगे वाटले नाही. किंवा ज्यांना वाटले असेल त्यांना कुणी विचारले नाही.

कायपर यांचा अंदाज मात्र अचूक ठरला. ढगांचा थर शिखराच्या खाली अडतो. वातावरणाचा जवळजवळ चाळीस टक्के भाग पायाखाली राहतो. हवा कोरडी, आणि समुद्रावरून येणारा वारा एकसंध वाहतो, त्यामुळे ताऱ्यांची लुकलुक कमी होते. १९६८ मध्ये राज्य सरकारने शिखराभोवतीची हजारो एकर जमीन हवाई विद्यापीठाला ६५ वर्षांच्या पट्ट्याने दिली. भाडे वर्षाला एक डॉलर. १९७० मध्ये पहिली मोठी दुर्बीण उभी राहिली. मग इंग्लंड, कॅनडा, फ्रान्स, नासा सगळे आले. १९९३ आणि १९९६ मध्ये दहा-दहा मीटर आरशाच्या दोन केक दुर्बिणी आल्या. १९९९ मध्ये जपानची 'सुबारू' आली. सुबारू म्हणजेही कृत्तिकाच. अशा एकूण तेरा दुर्बिणी.

त्यांनी केलेले काम थक्क करणारे आहे. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी प्रचंड कृष्णविवर असल्याचा पुरावा आंद्रेआ गेझ यांनी केक दुर्बिणींतून ताऱ्यांच्या फेऱ्या वर्षानुवर्षे मोजून मिळवला. २०२० च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. २०१९ मध्ये कृष्णविवराचे पहिले छायाचित्र जगाने पाहिले, त्यातही मौना केआवरील दोन वेधशाळा सहभागी होत्या. त्या कृष्णविवराला 'पोवेही' हे हवाईयन नाव सुचवले गेले ते हवाईयन भाषेच्या एका प्राध्यापकाकडून.

पण पर्वताची निगा? १९९८ मध्ये राज्याच्याच लेखापरीक्षकाने विद्यापीठावर ठपका ठेवला, की दुर्बिणी वाढत गेल्या आणि पर्वताचे रक्षण मागे पडले. जो भाडेकरू वर्षाला एक डॉलर देतो आणि घर नीट राखत नाही, त्याला घरमालक आणखी एक खोली बांधू देईल का? हवाईयनांचा प्रश्न साधारण असाच होता. फरक एवढाच की त्यांच्या मते घराचा ताबाही खऱ्या मालकाकडे नव्हता.

राजाची दुर्बीण, राणीचे राज्य

हवाई हे एके काळी स्वतंत्र राज्य होते. तिथला राजा कालाकाउआ मोठा हौशी. १८७४ मध्ये शुक्राचे सूर्यावरून होणारे अधिक्रमण पाहायला ब्रिटिश पथक होनोलुलूला आले, तेव्हा त्याने त्यांचे मनापासून स्वागत केले. आपल्या राज्यात एक चांगली दुर्बीण असावी अशी त्याची इच्छा होती. १८८१ मध्ये तो जगप्रवासाला निघाला आणि कलकत्त्याहून रेल्वेने मुंबईलाही येऊन गेला. दुर्बिणीचे समर्थक या राजाचा दाखला हमखास देतात.

विरोधक दाखला देतात तो त्याच्या बहिणीचा. कालाकाउआनंतर गादीवर आलेल्या राणी लिलिउओकलानीला १८९३ मध्ये अमेरिकन व्यापारी व मळेवाल्यांनी, अमेरिकन नौसैनिकांच्या छायेत, पदच्युत केले. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेने घेतली, १९५९ मध्ये ती अमेरिकेचे राज्य झाली. राजघराण्याच्या आणि हवाई सरकारच्या जमिनी या उलाढालीत हातोहात पुढे गेल्या. मौना केआचे शिखर अशाच जमिनीवर आहे. १९९३ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, अमेरिकेच्या संसदेने ठराव करून या कृत्याबद्दल माफी मागितली. माफी मागितली, जमीन मात्र होती तिथेच राहिली.

तीस मीटरचा आरसा

अशा जमिनीवर २००९ मध्ये नवी दुर्बीण बांधायचे ठरले. तिचे नाव साधेच, 'थर्टी मीटर टेलिस्कोप', तीस मीटरची दुर्बीण. एवढा मोठा एकसंध आरसा ओतता येत नाही, म्हणून ४९२ षटकोनी तुकडे जोडून तो बनवायचा. केकच्या नऊपट प्रकाश गोळा करणारा. घुमट अठरा मजली इमारतीएवढा उंच. भागीदारांत कॅलिफोर्नियातील दोन विद्यापीठसंस्था, जपान, चीन, कॅनडा आणि भारत. भारताचा वाटा दहा टक्के. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१४ मध्ये त्यासाठी सुमारे १,३०० कोटी रुपये मंजूर केले. बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था, नैनितालची वेधशाळा आणि डॉ. जयंत नारळीकर यांनी उभारलेली पुण्याची 'आयुका' यांच्याकडे हे काम आले. आरशाचे काही तुकडे घासण्यासाठी बंगळूरजवळ होसकोटे येथे खास कार्यशाळा उभी राहिली, आणि दुर्बीण चालवणाऱ्या संगणकप्रणालीच्या कामात पुण्याचा हात आहे. हिलोच्या भांडणात आपलाही पैसा आणि आपलीही माणसे आहेत ती अशी.

दुर्बीणवाल्यांनी पूर्वीच्या चुका टाळण्याचा प्रयत्न केला, हे मान्य करायला हवे. जागा प्रत्यक्ष शिखरावर नव्हती, उत्तरेकडच्या खालच्या पठारावर होती. वाइआउ सरोवरावरून घुमट दिसणार नव्हता. भाडे एक डॉलर नव्हते. दुर्बीण सुरू झाल्यावर ते वर्षाला दहा लाख डॉलरच्या घरात जाणार होते. बेटावरच्या मुलांच्या शिक्षणासाठी दरवर्षी दहा लाख डॉलर देणे २०१४ मध्ये सुरूही झाले. तरीही ७ ऑक्टोबर २०१४ रोजी भूमिपूजनाचा समारंभ निदर्शकांनी उधळला. २ एप्रिल २०१५ रोजी रस्ता अडवणाऱ्या ३१ जणांना अटक झाली. डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाचा परवानाच रद्द केला, कारण हरकती ऐकून घेण्याआधीच तो देऊन टाकलेला होता. आधी निकाल आणि मग सुनावणी हे न्यायालयाला पटले नाही. पुन्हा ४४ दिवस सुनावणी चालली, २०१७ मध्ये नवा परवाना मिळाला आणि २०१८ मध्ये न्यायालयाने तो चार विरुद्ध एक मताने उचलून धरला.

म्हणजे कायदा दुर्बिणीच्या बाजूने झाला. जुलै २०१९ मध्ये यंत्रे वर न्यायची तयारी झाली, आणि येथे ती पुउ हुलुहुलु टेकडी पुन्हा येते.

रस्त्यात बसलेले आजी-आजोबा

१५ जुलैला पहाटे काही निदर्शकांनी गुरे अडवण्यासाठी रस्त्यात बसवलेल्या लोखंडी जाळीला स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतले. १७ जुलैला पोलीस आले, तेव्हा रस्त्यावर सर्वांत पुढे खुर्च्या टाकून बसले होते ते म्हातारेकोतारे. कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणी काठी घेऊन, कुणी ऐंशी ओलांडलेले. तरुणांना त्यांनी बाजूला उभे राहून गप्प राहायला सांगितले होते. तीसहून अधिक वृद्धांना त्या दिवशी अटक झाली. काहींना पोलिसांनी अक्षरशः उचलून नेले. पोलिसांतही हवाईयन होतेच. ओळखीच्या म्हातारीला गाडीत बसवताना त्यातले काही रडले.

त्यानंतर टेकडीच्या पायथ्याशी तंबूंचे गावच वसले. मोफत स्वयंपाकघर, दवाखाना, शाळा, एवढेच नव्हे तर मोकळ्या आकाशाखाली भरणारे 'विद्यापीठ'ही. दिवसातून तीनदा स्तोत्रे म्हणायची, हुला नृत्य करायचे. दारू नाही, शस्त्र नाही, अपशब्द नाही, असा दंडक. ड्वेन जॉन्सनसारखा सिनेनटही तिथे येऊन गेला. वेधशाळांतल्या कर्मचाऱ्यांना खाली बोलावले गेले आणि जवळपास चार आठवडे तिथल्या दुर्बिणी मिटलेल्या राहिल्या. डिसेंबरअखेर रस्ता मोकळा झाला तो बांधकाम लगेच होणार नाही असे ठरल्यावर. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे छावणी उठली.

एका बाजूला विज्ञान आणि दुसऱ्या बाजूला अंधश्रद्धा, असे चित्र बाहेरच्या वर्तमानपत्रांनी बरेचदा रंगवले. ते सोयीचे होते. पण विरोधकांच्या अग्रभागी असलेल्या केआलोहा पिशोटा या बाई याच शिखरावरच्या एका दुर्बिणीवर बारा वर्षे तंत्रज्ञ होत्या. दुर्बीण कशी चालते हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. शिखरावर त्यांनी ठेवलेली आपल्या घराण्याची शिळा तिथून हलवली गेली, आणि तिथून त्यांची वाट बदलली. उलट 'होकुलेआ'चे नावाडी कालेपा बेबायान, ताऱ्यांवर नाव हाकणारे अस्सल हवाईयन, दुर्बिणीच्या बाजूने बोलत. आमचे पूर्वज शोध घेत घेतच येथे आले, मग शोधाला आडवे कसे यायचे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यासाठी त्यांनी आपल्याच लोकांचे टोमणे सोसले. २०२१ मध्ये ते वारले. हवाईयन घराघरांत या प्रश्नावरून जेवणाच्या टेबलावर दोन तट पडले होते. ताऱ्यांवर प्रेम दोन्ही तटांचे होते. आपल्या दारात काय बांधायचे हे ठरवताना आपल्याला कुणी विचारणार आहे की नाही, हा एकच सवाल मात्र शेवटपर्यंत तसाच राहिला.

निदान तो सवाल ऐकला गेला असे २०२२ च्या कायद्यावरून म्हणता येईल. पर्वताचा कारभार विद्यापीठाकडून काढून अकरा मतदार सदस्यांच्या नव्या प्राधिकरणाकडे द्यायचे ठरले. त्यात मूळ हवाईयनांना जागा आहेत. हे हस्तांतर २०२८ पर्यंत पूर्ण व्हायचे आहे. विद्यापीठाचा पट्टा तर २०३३ मध्ये संपतो.

तीस मीटरच्या दुर्बिणीचे दिवस मात्र फिरले. स्पेनच्या ला पाल्मा बेटावरची जागा २०१६ मध्येच पर्याय म्हणून निवडून ठेवलेली होती. त्या वेळी तपासलेल्या जागांत लडाखमधील हानलेचेही नाव होते. खर्च पहिल्या १.४ अब्ज डॉलरच्या अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने दोन प्रस्तावित महादुर्बिणींपैकी चिलीतल्या दुर्बिणीला पुढे नेले आणि हिला मागे ठेवले. पुढच्याच महिन्यात स्पेनने ला पाल्मावर येणार असाल तर ४० कोटी युरो देऊ, असे जाहीर केले.

मौना केआवर त्या पठारावर काहीच उभे राहिलेले नाही. उलट शिखरावरून दोन दुर्बिणी २०२४ मध्ये उतरवल्या गेल्या. त्यातल्या मोठीची तबकडी चिलीत पुन्हा बसवण्यासाठी सुटी करून खाली आणली, पाया उखडला, खड्डा भरला आणि जमिनीला पूर्वीसारखा उतार देऊन वर राख पसरली. नव्या माणसाला आता ती जागा दाखवावी लागते. तिच्या वरच्या धारेवर संध्याकाळी केकचे दोन घुमट उघडतात, आणि पर्यटकांच्या गाड्या ओळीने खाली उतरू लागतात.